बेचिराख करंजदरा

परवा नातसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. माझ्या डोळ्यांना आता ठळक मथळे तेवढे दिसतात, बाकीचं तिच्या तोंडून ऐकायचं. कुठल्याशा देशात लढाई चालली आहे आणि बॉम्ब पडून एक अख्खं शहर बेचिराख झालं, असं तिने वाचलं. मी विचारलं, तिथे आता कुणीच राहत नाही का? ती म्हणाली, राहतात की, हजारो माणसं ढिगाऱ्यात बसून आहेत. मग ते बेचिराख कसं, मी म्हटलं. तिने मला समजावलं, आजी, बेचिराख म्हणजे जळून राख झालेलं. पोरीने बी.ए. केलंय, तिच्याशी काय हुज्जत घालायची. पण तेव्हापासून हा शब्द माझ्या मानगुटीवर बसला आहे आणि कागदावर उतरवल्याशिवाय तो काही उतरायचा नाही. सगळ्यांना वाटतं त्याच्या पोटात राख आहे. राख त्यात कुठेच नाही. आमचं करंजदरा बेचिराख झालं तेव्हा गावात एक काडी जळली नव्हती की एक भिंत पडली नव्हती. दिवसाउजेडी, जेवणवेळेच्या आधी, एका माणसाने वहीत एक शब्द लिहिला आणि गाव बेचिराख झालं. तो शब्द माझ्यामुळे लिहिला गेला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

करंजदरा म्हणजे पाटोद्याच्या डोंगरात, दोन टेकड्यांच्या बेचक्यात बसलेलं चाळीस उंबऱ्यांचं गाव. राज्य निजामाचं होतं, पण निजाम आम्हाला नाण्यावरच्या न कळणाऱ्या अक्षरांपुरता ठाऊक. आमच्यापुरतं सरकार म्हणजे आबा. माझे वडील गावचे पाटील, आणि पाटीलकी त्यांच्या पणजोबांपासून चालत आलेली. आबा हाडापेराने मोठे, बोलायला कमी, आणि एकदा बोलले की तो शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. मायने त्यांच्या पुढ्यात कधी मोठ्याने बोललेलं मला आठवत नाही, पण घर तिच्याच अंदाजाने चालायचं. पहाटे गाव जात्यांनी जागं व्हायचं. चाळीस घरांतली चाळीस जाती, आणि मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की आता शेवंताकाकूचं सुरू झालं, ते करकरतं. आता लोहाराच्या म्हातारीचं, ते मधेच थांबतं, कारण तिला दम लागतो. मग भाकरी थापल्याचे आवाज यायचे, एका घरातून दुसऱ्या घरात, आणि करडईच्या तेलात लसूण पडल्याचा वास गल्लीभर पसरायचा. आता माझ्या मुलाच्या घरी पिठाची गिरणी खाली रस्त्यावर आहे, ती दिवसभर घरघरते, आणि सुनेला तिचा त्रास होतो. मला होत नाही. पीठ दळल्याचा आवाज येतोय म्हणजे जवळपास माणसं आहेत, एवढं मला पुरतं.

मग मानमोडी आली. त्या तापाला आमच्याकडे हेच नाव, कारण माणसाने मान टाकली की ती पुन्हा उचलली जायची नाही. माझे दोन धाकटे भाऊ एका आठवड्यात गेले. धाकट्याला पुरायला आबा एकटेच गेले, कारण खांदा द्यायला उभं राहील असं गल्लीत कुणी उरलं नव्हतं. मायने तेव्हा हंबरडा फोडला नाही. ती पाण्याची घागर घेऊन शेवंताकाकूकडे गेली, कारण काकूच्या घरात चौघं पडली होती आणि कुणालाच उठता येत नव्हतं. ताप ओसरला आणि पाठोपाठ पाऊस चुकला. मग माणसं गाव सोडू लागली. एक घर पाटोद्याला गेलं, एक पार घाटनांदूरला सोयऱ्यांकडे, काही कुठे गेली ते कुणाला सांगून गेली नाहीत. जाताना बाई चूल सारवून जायची, हे मी स्वतः पाहिलं आहे. दाराच्या फळ्या गाडीत चढल्या, जातं चढलं, पोरं चढली, बैल जुंपले, आणि बाई मात्र आत बसून चुलीवरून शेवटचा पोतेरा फिरवते आहे. पुढच्या वर्षाच्या संक्रांतीपर्यंत गावात आमचं एकच घर राहिलं. वेशीची राखण करणारा वेसकरसुद्धा गेला.

एका घराचं गाव कसं असतं ते सांगून कळायचं नाही. पहाटे मायचं जातं सुरू व्हायचं आणि तेवढंच वाजायचं. मी आधी रिकाम्या अंगणांतून एकटीच खेळायचे. आज ह्या घरची सून व्हायचं, उद्या त्या घरची सासू. पण दुसऱ्या बाजूने बोलायला कुणी नसल्यावर खेळ चालत नाही, मग तेही सोडलं. खाणं म्हणजे हुलग्याचं माडगं, नाहीतर तांदुळजा मिळाला तर त्याची भाजी. आबा रोज दुपारी धुतलेलं पागोटं बांधून चावडीत जाऊन बसायचे. समोर कुणी नाही, तक्रार नाही, तंटा नाही. घटकाभर बसायचे आणि उठून यायचे. मी एकदा मायला विचारलं की आबा तिथे काय करतात. ती म्हणाली, पाटीलकी करतेत. तिच्या आवाजात थट्टा होती की नव्हती हे मला आजही ठरवता येत नाही.

त्याच दिवसांत मायला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना लागला तेव्हाची एक दुपार माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. तिने मला ओट्यावर बसवलं, जुन्या लुगड्याची चिंधी पिळून तिचा दोरखंडासारखा पीळ केला, जवळ सुताचा दोरा ठेवला आणि दाराच्या वरच्या फटीतून विळा काढून घेतला. मला वाटलं काहीतरी शिवायचं आहे. ती म्हणाली, "राही, नीट बघ. लेकराच्या बेंबीपसून चार बोटं सोडायची. हितं एक गाठ मारायची. मग दोन बोटं सोडून दुसरी. आन् मधून कापायचं. विळा आदी चुलीत धरायचा." मग तिने पीळ माझ्या हातात दिला. मी गाठ मारली, ती सैल पडली, पुन्हा मारली. तिने माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी घरात सहा बाया होत्या, कुणी पाणी तापवत होतं, कुणी मायची पाठ धरून बसलं होतं, आणि मला तर आत येऊच दिलं नव्हतं. मी विचारलं, "माय, तू मदीच निजलीस, उठलीच न्हाईस, तर मी कुणाला हाक मारू?" तिने जरा विचार केला. ती खोटं सांगणारी बाई नव्हती. ती म्हणाली, "म्हशीपाशी जाऊन बस. जितराब शेजारी असलं की भ्या वाटत न्हाई."

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. पाली हे मायचं माहेर, बिंदुसरा नदीच्या काठी, बीडच्या जवळ. तिथे मामा होता, मामी होती, शेजारीपाजारी बाया होत्या. आता तिथे धरण झालंय, तेव्हा नुसती नदी होती. पालीला जाऊ, असं माय कधी म्हणाली नाही. आबांना गाव सोडायचं नव्हतं, आणि आबांना जे करायचं नाही ते तिने मागायचं नाही, असा त्यांचा संसार होता. आबांचा धीर एका गोष्टीवर टिकून होता. गाव दप्तरात अजून आबाद होतं. आबाद गावाला पाटील असतो, आणि पाटील आहे तोवर माणसं परत येतात, असं ते म्हणायचे. एक चांगला पाऊस पडला की येतील. मग कळलं की तालुक्याहून गिरदावर यायचा आहे. गिरदावर म्हणजे गावोगाव घोड्यावर फिरून पिकं, शिवार आणि वस्ती तपासणारा कामगार. ज्या गावात वस्ती नाही त्याचं नाव तो आबाद गावांतून काढायचा. आमच्या एका घराला तो वस्ती म्हणेल याचा आबांना भरवसा नव्हता.

आबा मला घेऊन पाटोद्याच्या बाजाराला गेले. आमची गेलेली माणसं तिथे हमखास भेटत. आबा एकेकापाशी जाऊन उभे राहिले. एक दिवस या, आपापल्या घरात चूल पेटवा, जेवा आणि संध्याकाळी खुशाल माघारी जा, एवढंच त्यांचं मागणं. मी आबांना दुसऱ्याकडे मागताना त्याआधी पाहिलं नव्हतं. कुणी हो म्हणालं आणि नजर फिरवली, कुणी बैल आजारी असल्याचं सांगितलं. शेवंताकाकू मिरच्यांचा वाटा लावून बसली होती. तिने मला जवळ ओढलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आबांना म्हणाली, "पाटील, माजी दोन लेकरं त्या घरातनं गेली. मी तिथं पाय टाकणार न्हाई. तुमी बी राहू नगा, ह्या पोरीकडं बघा." परतीच्या वाटेवर आबांनी मला खांद्यावर घेतलं, मी काही तेवढी लहान नव्हते तरी.

त्यावर आबांनी जो तोडगा काढला तो आमच्याच भागात कुणाला सुचावा असा होता. आमच्या शिवारात म्हाळू धनगराची माणसं मेंढरं घेऊन उतरली होती. सहा बिऱ्हाडं, बायकापोरांसकट. आबांनी म्हाळूला सांगितलं की ही घरं एका दिवसापुरती तुमची. आत जा, चुली पेटवा, भाकरी करा, पोरं अंगणात खेळू द्या. म्हाळू हो म्हणाला, कारण आबांनी त्याला शिवारात मेंढरं फिरवायला कधी मनाई केली नव्हती. मी आणि मायने तीन दिवस सहा घरं झाडली. ती ओणवी होऊन चुलीतली घाण काढायची आणि मधेच कमरेला हात लावून उभी राहायची. शेवंताकाकूच्या घरात कोनाड्यात पोराची लाकडी चाकाची गाडी तशीच पडलेली होती. मायने ती उचलली, पदराने पुसली आणि परत जागच्या जागी ठेवली.

त्या दिवशी सकाळी मायने माझी वेणी घातली. घालता घालता म्हणाली की गिरदावराने विचारलं तर सांगायचं, आम्ही इथेच राहतो, इथेच राहणार. आबांनी सांगितलंय तसंच, त्यात इकडचं तिकडं करायचं नाही. मी मान हलवली. तिने मोठ्या पातेल्यात हुलग्याचे शेंगोळे रटरटत ठेवले होते, सहा बिऱ्हाडांना वाढता यावेत इतके. त्यात घरात होता नव्हता तो सगळा लसूण गेला. कितीतरी महिन्यांनी गावात आमच्याशिवाय दुसरा धूर दिसला, पोरांची रडारड ऐकू आली, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. मला वाटलं, असंच राहिलं तर किती बरं. मी धावत धनगरांच्या पोरींपाशी गेले, पण त्या मला लाजल्या.

गिरदावर चढत्या उन्हात आला. पिकली दाढी, धुळीने माखलेली शेरवानी, दमलेलं टट्टू. भला माणूस होता. पाणी प्यायल्यावर त्याने आधी गावात किती माणसं गेली ते विचारलं, आणि आबांनी सांगितल्यावर स्वतःची बीबीही त्याच तापात गेल्याचं सांगितलं. मग तो गल्लीतून चालू लागला, आबा त्याच्या मागे, आणि मी आबांच्या मागे. पहिल्या घरापुढे धनगराची बाई तीन दगडांवर तवा ठेवून भाकरी भाजत होती. घरापुढे, अंगणात. फळ्या नेलेलं दार उघडंच, आत आम्ही सारवलेली चूल थंडगार. दुसऱ्या घरापुढे तसंच. तिसऱ्या घराच्या उंबऱ्याला टेकून कोकरू बसलेलं आणि माणसं सगळी बाहेर. गिरदावर थांबला. ही माणसं घरात चूल असताना बाहेर का रांधतात, असं त्याने आबांना विचारलं, आणि आबांच्या आधी म्हाळूच पुढे झाला.

म्हाळूने डोक्याचं मुंडासं सारखं केलं. "साहेब, मालक घरात नसताना त्याचा उंबरा आमी कसा वलांडावा? पाटलानं अंगण दिलं, लई झालं."

आबांच्या ध्यानात हे आलंच नव्हतं. पाटलाने शब्द दिला म्हणजे घर दिलं, असं त्यांना वाटलं होतं. म्हाळूच्या सात पिढ्यांत कुणी भिंतीआड राहिलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या उंबऱ्याची चाड त्याला पाटलापेक्षा जास्त होती. त्याचा काहीच दोष नव्हता. त्याने आबांचं मन राखलं होतं आणि आपली रीतही. गिरदावर चिडला नाही. तो म्हणाला, पाटील, एवढा खटाटोप कशाला, मला एक घर बस्स आहे. बारा महिने माणूस नांदतो असं एक घर दाखवा, मी गाव आबाद लिहितो. आबांनी त्याला आमच्या घरी आणलं. माय दारात उभी होती. आबांनी सांगितलं की हे आमचं घर, आम्ही इथेच राहतो. पण एकदा खोटं उघडं पडल्यावर खऱ्याचीही पत राहत नाही, आणि ते त्या दोघांनाही कळत होतं. गिरदावर ओट्यावर टेकला, मला जवळ बोलावलं आणि आबांना म्हणाला, "मोठ्यांचं ऐकलं पाटील, आता लेकराचं ऐकतो." मग मला विचारलं, "बेटी, पुढच्या सालीही तुम्ही इथंच असाल ना?"

त्याच्या डोक्यावर, दाराच्या फटीत, तो विळा खोचलेला होता. मी दुसरं काहीच पाहिलं नाही. मी म्हणाले, "न्हाई. आमी मामाच्या गावाला चाललो, पालीला. गाडी बी सांगितलीया."

गाडी कुणी सांगितली नव्हती. पालीचं नावसुद्धा आमच्या घरात कुणी काढलं नव्हतं. माझ्या तोंडून ते कसं आलं, इतकं सफाईने, हे मला आजही नवल वाटतं. गाडीचं बोलले नसते तर आबांना कदाचित सावरून घेता आलं असतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मायकडे पाहिलं. मायने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली बघत पदर सारखा केला. कुणीच म्हणालं नाही की पोरगी खोटं बोलते आहे.

गिरदावराने वही काढली आणि उजवीकडून डावीकडे एक लहानसा शब्द लिहिला. आबांनी काय लिहिलं म्हणून विचारलं. बेचिराग, तो म्हणाला. मग त्याने फोड करून सांगितली, मास्तराने पोराला सांगावी तशी सावकाश: बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा, ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. आबा म्हणाले, "दिवा हाय की साहेब. रोज लावतो आमी." गिरदावराने वही मिटली. "आज आहे, पाटील. उद्याचं लेकरानं सांगितलं." तो जेवला नाही. शेंगोळे धनगरांच्या पोरांनी खाल्ले आणि त्यांना ते फार आवडले.

आमच्या तोंडी पुढे चिरागचा चिराख झाला आणि शहाण्यांनी त्यात राख शोधली, एवढीच त्या शब्दाची कहाणी. आमच्या बाया तो शब्द वापरायच्या नाहीत. त्या म्हणायच्या गाव ओस पडलं, रान उजाड झालं. ओस पडलेलं पुन्हा भरतं, उजाड रान पुन्हा पेरता येतं. बेचिराख हा कचेरीतला शब्द, तो एकदा लिहिला की नावाला चिकटतो, मेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी चिकटतं तसा. मौजे बेचिराख करंजदरा. शिवार राहतं, बांध राहतात, कागदावर गावाची हद्दही राहते, फक्त माणूस नाही एवढंच तो शब्द सांगतो. गावच नाही तर पाटील कसला? पंधरा दिवसांत शेजारच्या गावच्या पाटलाने येऊन आमचं शिवार आपल्या गावाला जोडून घेतलं, आणि आबांनी चावडीतलं दप्तराचं गाठोडं त्याच्या हवाली केलं. मग गाडी खरोखरच सांगावी लागली. आम्ही पालीला गेलो. निघताना मायने चूल सारवली.

पालीत आबांना दुसरं नाव मिळालं. लोक वाईट नव्हते, पण पाटील म्हटलं की कोणता पाटील हा प्रश्न यायचाच, आणि गावचा पाटील वेगळा होता. म्हणून ते झाले बेचिराख पाटील. बेचिराख पाटलाला हाक मार, बेचिराख पाटलाची पोरगी आली. माणसाला लावलेला हा शब्द मी तेवढ्या एकाच ठिकाणी ऐकला, आणि आबा त्याला ओ देत. मामाच्या घरी ते गोठ्यात बाज टाकून राहिले. आणि ते मायशी बोलत नसत. मला ते फारसं जाणवलंच नाही, कारण बोलणं चालू होतं, ते माझ्यामार्फत. राही, तुझ्या मायला सांग, मी उद्या बीडला जाणार हाय. राही, आबाला इचार, भाकर वाढू का. मी एकाकडून दुसऱ्याकडे पळायचे आणि मला त्यात मोठेपण वाटायचं. गाव गेल्याचं दुःख आहे, ओसरेल, असं मामी म्हणायची. मला वाटायचं आबा माझ्यावर रागावतील, पण ते माझ्याशी पूर्वीपेक्षा मऊ झाले होते. एकदा बीडहून माझ्यासाठी काचेच्या बांगड्या आणल्या. मायसाठी काही आणलं नाही.

आठवा लागला आणि माय अडली. घरात सात बाया होत्या, मी मोजल्या. सुईण होती, मामी होती, पाणी तापत होतं, तिची पाठ धरायला दोघी बसल्या होत्या. जे जे करंजदऱ्यात नव्हतं ते सगळं तिथे होतं. मी भिंतीच्या सावलीत बसून होते आणि मला भीती वाटत नव्हती, हे मला स्पष्ट आठवतं. मला वाटलं मी मायला वाचवलं. मुलगा झाला, पण रडला नाही. मायचं रक्त थांबेना. उन्हं कलायच्या सुमाराला तिने मला आत बोलावलं आणि म्हणाली, आबाला बोलाव. मी धावत गोठ्यात गेले. आबा आले, पण उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि मला म्हणाले, "तिला इचार, काय पायजे." मी आत गेले, तिच्या तोंडाशी वाकून विचारलं. माय म्हणाली, "काय न्हाई."

ह्याला आता सत्तरच्या वर वर्षं होऊन गेली. माझं लग्न झालं, माझा नवरा शाळामास्तर, त्यांनी मला लिहायला वाचायला शिकवलं. माणसं म्हणतात काळ सगळ्यावर औषध असतो. ज्यांना असं वाटतं ते सुखी असोत. मायचा मृत्यू मी कसातरी सोसला असता, पण आबांना सांगायचं राहिलं होतं. गाव मी घालवलं, हे तर त्यांनी कानांनी ऐकलंच होतं. का घालवलं ते सांगायचं राहिलं होतं. विळ्याचं आणि चिंधीच्या पिळाचं सांगायचं होतं. दर वेळी वाटायचं, आज नको. शेवटी आबांना मी माझ्या घरी बीडला आणलं तेव्हा त्यांच्या अंगातलं मांस गेलं होतं, फक्त ती मोठी हाडं उरली होती. एका सकाळी मी त्यांना चमच्याने माडगं भरवत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, आबा, गिरदावराला मी जे बोलले ते माझ्या मनानं बोलले. मला बाळंतपणाची भीती वाटत होती. मायनं तर सकाळी वेणी घालताना मला बजावलं होतं की इथंच राहणार म्हणून सांग.

आबांनी तोंड मिटलं. चमचा तसाच माझ्या हातात राहिला. मग ते म्हणाले, "तुला तिनं शिकिवलं न्हवतं?"

मी म्हणाले, न्हाई.

"मी इचारलं होतं तिला. त्याच दिशी, गिरदावर गेल्यावर. पोरीला तू शिकिवलंस का, म्हणलं." त्यांचा श्वास अडकला, मग पुन्हा लागला. "व्हय म्हणली ती."

मी वाटी खाली ठेवली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. आबांनी पाय आखडून घेतले.